स्वस्त तिकीट आणि सोयीचा झेंडा



आपल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे विषय नेहमी येतात. त्यात विमान कंपन्यांचे भांडण कशाला, असे कोणाला वाटले तर नवल नाही. पण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातले कोणी ना कोणी परदेशी आहे. मुलीच्या बाळंतपणाला जायचे असो की नातवाची मुंज इकडे करायची असो, तिकीट काढताना आपण सगळे पहिल्यांदा एकच पाहतो, सर्वांत स्वस्त कुठले? ते कशामुळे स्वस्त झाले आणि कोणाच्या पदरातून कमी झाले, हे तिकिटावर छापलेले नसते. याच प्रश्नावरून युरोप आणि अमेरिकेत काही वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. एका बाजूला नॉर्वेची नॉर्वेजियन ही स्वस्त विमान कंपनी होती. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतील जुन्या कंपन्या आणि वैमानिकांच्या संघटना होत्या. एरवी पगारावरून एकमेकांशी भांडणारे मालक आणि नोकर इथे एका पंक्तीला बसले. असे का झाले, कोणाचे म्हणणे खरे ठरले आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच आज मांडायचे आहे.

आकाशाच्या वाटा कोणाच्या?

समुद्र सर्वांचा, पण आकाश ज्याच्या त्याच्या देशाचे. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात हे तत्त्व मान्य झाले. त्यामुळे एका देशाच्या विमानाला दुसऱ्या देशात उतरून प्रवासी घ्यायचे असतील, तर दोन्ही सरकारांचा आपसांत करार लागतो. ब्रिटन आणि अमेरिका यांनी १९४६ मध्ये बर्म्युडा येथे असा करार केला आणि पुढे अनेक देशांनी तोच नमुना उचलला. कोणत्या कंपनीने जायचे, कुठून कुठे जायचे, हे सरकारे ठरवीत. भाडे कंपन्या आपसांत ठरवीत आणि सरकारे त्यावर मान्यतेचा शिक्का मारीत. करारात एक अट जवळजवळ नेहमी असे, ती म्हणजे कंपनीची मालकी आणि ताबा त्या त्या देशाच्या नागरिकांकडेच असला पाहिजे. कंपनीला जणू कूळ लागे आणि गोत्रही लागे.

या व्यवस्थेत पैसेवाले प्रवासी, ठरलेली भाडी आणि भक्कम पगाराचे वैमानिक असे तिघेही सुखात होते. सामान्य माणूस मात्र बाहेर होता. फ्रेडी लेकर या इंग्रज गृहस्थाने त्याला पहिला मोठा धक्का दिला. सप्टेंबर १९७७ मध्ये त्याची 'स्कायट्रेन' लंडनजवळच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाली. एका बाजूचे भाडे होते ५९ पौंड. आगाऊ आरक्षण नाही, जेवणाचे पैसे वेगळे. लोकांनी रांगा लावल्या. मोठ्या कंपन्यांनी आपली भाडी उतरवली आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकरची कंपनी कर्जापायी बंद पडली. आपल्याला संगनमताने बुडवले, असा दावा कंपनीच्या वतीने मोठ्या कंपन्यांवर अमेरिकेत लावला गेला आणि १९८५ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. नवा माणूस दर पाडतो, जुने तेवढ्यापुरते दर पाडतात, नव्याचा दम आधी सुटतो. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा दिसणार आहे.

दरम्यान कुंपणेही मोडू लागली होती. अमेरिकेने १९७८ मध्ये देशांतर्गत विमानसेवेवरील सरकारी दरनियंत्रण उठवले. युरोपात १९९३ पासून कोणत्याही सदस्य देशाची कंपनी सर्व सदस्य देशांत उडू शकेल अशी वाट मोकळी होत गेली आणि १९९७ मध्ये ते काम पूर्ण झाले. मग २००७ मध्ये युरोपीय महासंघ आणि अमेरिका यांच्यात 'खुल्या आकाशा'चा करार झाला, तो २००८ पासून लागू झाला. युरोपातील कोणतीही कंपनी युरोपातील कोणत्याही शहरातून अमेरिकेतील कोणत्याही शहरात जाऊ शकेल, असा त्याचा अर्थ. नॉर्वे महासंघाचा सदस्य नाही, पण २०११ मध्ये तोही या करारात सामील झाला.

स्वस्त म्हणजे नेमके काय?

स्वस्त विमान कंपनी हे काही गौडबंगाल नाही. तिची काटकसर घरातल्या काटकसरीसारखीच असते. एकाच जातीची विमाने ठेवायची, म्हणजे सुटे भाग एकच आणि प्रशिक्षणही एकच. विमान जमिनीवर अर्ध्या तासात रिकामे करून पुन्हा भरायचे, म्हणजे दिवसाकाठी एक-दोन फेऱ्या जास्त होतात. खुर्च्या दाटीने बसवायच्या. सामान, जेवण, खिडकीची जागा यांचे पैसे वेगळे घ्यायचे. मुंबई ते गोवा किंवा डब्लिन ते लंडन अशा एक-दोन तासांच्या प्रवासात हे सगळे छान जमते.

सहा-आठ तासांच्या प्रवासात मात्र यातल्या निम्म्या युक्त्या लुळ्या पडतात. लांब पल्ल्याचे विमान तसेही दिवसातला बराच काळ हवेतच असते, तेव्हा जमिनीवरचा अर्धा तास वाचवून फारसे हाती लागत नाही. इंधनाचा खर्च सर्वांना सारखा. विमान कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो आणि त्यावर घासाघीस चालत नाही. जुन्या कंपन्यांना पुढच्या महागड्या खुर्च्यांवर बसणारे व्यापारी प्रवासी मिळतात, लहान गावांतून जोडविमानाने येणारे प्रवासीही मिळतात. नव्या कंपनीकडे हे दोन्ही नसतात. मग उरते काय? खुर्च्यांची दाटी आणि माणसांचा खर्च. बोइंग ७८७ या जातीच्या लहान विमानात नॉर्वेजियनने २९१ खुर्च्या बसवल्या, त्याच विमानात ब्रिटिश एअरवेज २१४ बसवत होती. दाटी एवढी झाल्यावर कात्री चालवायला राहिली ती माणसांवर. भांडणाचे मूळ इथे आहे.

डब्लिनचा परवाना

नॉर्वेजियन ही १९९३ मध्ये स्थापन झालेली छोटी कंपनी. २००२ पासून ती स्वस्त कंपनी म्हणून नावारूपाला आली. तिचे प्रमुख ब्यॉर्न कियोस हे लढाऊ विमानाचे माजी वैमानिक आणि पेशाने वकील. २०१२ मध्ये त्यांनी एका दमात २२२ विमानांची मागणी नोंदवली आणि मे २०१३ मध्ये ओस्लोहून न्यूयॉर्कला सेवा सुरू केली. नॉर्वेचे पगार जगातल्या वरच्या पगारांत मोडतात आणि नॉर्वेत नोंदलेल्या विमानावर आशियातील कमी पगाराचे कर्मचारी ठेवणे तिथल्या कायद्याने अवघड होते. तेव्हा कंपनीने आयर्लंडमध्ये उपकंपनी काढली. मालक नॉर्वेचा, परवाना आयर्लंडचा, काही कर्मचाऱ्यांचा तळ बँकॉकला आणि त्यांचा करार सिंगापूरमधून कर्मचारी पुरवणाऱ्या संस्थेशी. या आयरिश उपकंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत उडण्याची परवानगी मागितली आणि वादाला तोंड फुटले.

अमेरिकेतील वैमानिक संघटनेने याला जहाजांच्या व्यवहारातले एक जुने नाव दिले, 'सोयीचा झेंडा'. गोव्यात आणि कोकणात ज्यांच्या घरी बोटीवरची नोकरी आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे. ज्या देशाचा कायदा ढिला आणि कर कमी, त्याचा झेंडा लावायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा व्यापारी नौदलातला पूर्वीचा रोजगार असाच झेंड्यामागून निघून गेला. आता विमानांचेही तेच होणार, अशी वैमानिकांना भीती होती.

नॉर्वेजियनचे उत्तरही पोकळ नव्हते. आयर्लंड हा महासंघाचा पूर्ण सदस्य आहे, महासंघाचे इतर खंडांतील देशांशी करार आहेत आणि त्यांचा लाभ आयरिश परवान्यानेच मिळतो, असे तिचे म्हणणे. अमेरिकेच्या फेऱ्यांवर आपण युरोप आणि अमेरिकेतलेच कर्मचारी ठेवू, असेही तिने सांगितले. आमची लांब पल्ल्याची विमाने अमेरिकन बोइंगची आहेत, मग अमेरिकेचा रोजगार आम्ही खातो कसा, असाही तिचा सवाल होता. ग्राहकांच्या बाजूने बोलणारे विचारत होते की तीन-चार बड्या गटांनी अटलांटिकवरची भाडी आपल्या मुठीत ठेवली आहेत, त्यांना कोणी आव्हान द्यायचेच नाही काय?

कायद्याचा मुद्दा एका कलमावर येऊन ठेपला. खुल्या आकाशाच्या करारात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन एक नवे कलम घातले गेले होते. या करारातून मिळणाऱ्या संधी कामगारांचे हक्क आणि दर्जा खालावण्यासाठी नाहीत, असा त्याचा आशय. संघटनांच्या मते या कलमाखाली परवानगी नाकारता येत होती. अमेरिकी वाहतूक खात्याने जवळजवळ तीन वर्षे अर्ज भिजत ठेवला. एप्रिल २०१६ मध्ये तात्पुरता आणि डिसेंबर २०१६ मध्ये अंतिम निर्णय आला. परवानगी द्यावी लागेल, कारण हे कलम सदिच्छा व्यक्त करते, परवानगी नाकारण्याचा स्वतंत्र आधार देत नाही, असा त्याचा आशय. संघटना न्यायालयात गेल्या आणि मे २०१८ मध्ये तिथेही हरल्या. करारात चांगले वाक्य घालणे सोपे, पण ते मोडल्यास काय करायचे हे लिहिले नसेल तर त्याचा उपयोग वेळेला होत नाही. सोसायटीच्या करारनाम्यापासून शेतीच्या वाटणीपत्रापर्यंत आपण हे पाहत आलो आहोत.

शिलेदार आणि बारगीर

वैमानिक एवढे का घाबरले? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपली घराणी ज्या काळात आली, त्या काळातले दोन शब्द घेतले तर हे चटकन कळेल. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. घोडा मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदार आपला घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येई. त्याला पैसा जास्त मिळे, पण घोडा पडला की तो पायउतार होई.

जुन्या कंपनीतला वैमानिक एका अर्थाने बारगीर. अमेरिकेत तर त्याचे सारे आयुष्य एका आकड्यावर चालते, तो म्हणजे सेवाज्येष्ठतेचा क्रमांक. कोणते विमान मिळणार, कोणत्या शहरात तळ असणार, दिवाळी-नाताळला सुट्टी मिळणार की नाही, सगळे त्या क्रमांकावर ठरते. पन्नाशीच्या अनुभवी कॅप्टनने कंपनी बदलली तर नव्या कंपनीत तो पंचविशीतल्या पोरामागे यादीच्या तळाला जातो. म्हणून कंपनी बुडणे म्हणजे त्याच्यासाठी नोकरी जाण्यापेक्षा जास्त असते, आयुष्यभराची शिडीच निघून जाते. २००१ नंतर अमेरिकेतील अनेक मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा आसरा घेतला, पगार कापले गेले, युनायटेड आणि डेल्टासारख्या कंपन्यांत वैमानिकांच्या ठरलेल्या निवृत्तिवेतन योजनाच संपुष्टात आल्या. त्या जखमा ताज्या असताना हा अर्ज आला होता.

युरोपातल्या तरुण वैमानिकाची गोष्ट शिलेदारासारखी होत चालली होती. शिक्षणाचा खर्च त्याने कर्ज काढून करायचा. नोकरी कंपनीत नाही, माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडे, किंवा कागदोपत्री तो स्वतःच एक व्यावसायिक. उडेल तेवढ्या तासांचे पैसे; आजारी पडला तर काही नाही. काही ठिकाणी तर अनुभवाचे तास मिळावेत म्हणून नवख्या वैमानिकानेच कंपनीला पैसे मोजायचे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१५ मध्ये सहा हजारांहून अधिक वैमानिकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सहापैकी एकाहून अधिक वैमानिक कंपनीच्या थेट नोकरीत नव्हते आणि तरुणांत हे प्रमाण बरेच जास्त होते.

हा केवळ पगाराचा प्रश्न असता तर त्यावर एवढा वेळ घेतला नसता. पण वैमानिकाच्या कामात एक हक्क असा आहे, की त्यावर मागे बसलेल्या शे-दोनशे माणसांचा जीव अवलंबून असतो. मी थकलो आहे, आज मी उडणार नाही, असे म्हणण्याचा हा हक्क. ज्याला पुढच्या महिन्यात काम मिळेल की नाही हे आजच्या होकारावर ठरते, त्याला हे वाक्य उच्चारणे जड जाते. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक छोटे विमान कोसळले आणि ५० जण गेले. मोठ्या कंपनीच्या नावाने उडणारी ती फेरी प्रत्यक्षात एक लहान कंपनी चालवीत होती. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबर त्यांचा थकवा, लांबून कामावर येणे आणि तुटपुंजे पगार यांची चर्चा झाली. त्यानंतर अमेरिकेने विश्रांतीचे नियम कडक केले आणि सहवैमानिकासाठीही साधारणपणे १५०० तासांच्या अनुभवाची अट घातली. तिकिटावर एक नाव आणि चालवणारा दुसराच, ही गोष्ट परदेशी कंपन्यांनीच आणली असे नाही. घरच्या जुन्या कंपन्याही ते करत होत्या.

शेवटी झाले काय?

परवानगी मिळाल्यावर नॉर्वेजियनने धडाका लावला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या लहान विमानतळांवरून युरोपची तिकिटे ६५ डॉलरपासून विकली. मोठ्या कंपन्यांनीही लेकरच्या काळातलाच डाव टाकला. ब्रिटिश एअरवेजच्या मूळ गटाने 'लेव्हल' नावाची स्वतःची स्वस्त सेवा काढली आणि इतरांनी सामान वगळून कमी भाड्याची तिकिटे आणली. प्रवाशांचा फायदा झाला, यात शंका नाही. नॉर्वेजियनचे कर्ज मात्र वाढत गेले. ७८७ विमानांच्या रोल्स-रॉइस इंजिनांत दोष निघाले. मार्च २०१९ मध्ये बोइंगची मॅक्स विमाने जगभर जमिनीवर बसवण्यात आली. त्या वर्षी कियोस पायउतार झाले. मग कोरोना आला.

एप्रिल २०२० मध्ये जे घडले, ते या साऱ्या प्रकरणाचे सार आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमधील वैमानिक व केबिन कर्मचारी ज्या चार उपकंपन्यांच्या नोकरीत होते, त्या उपकंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे ४,७०० माणसे, त्यांत दीड हजारांवर वैमानिक. अंगावर गणवेश नॉर्वेजियनचा, विमानावर नाव नॉर्वेजियनचे. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मालक वेगळा होता आणि तो बुडाला होता. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने लांब पल्ल्याची सेवा कायमची बंद केली. तिथेही अनेक देशांतील उपकंपन्यांमधल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मूळ कंपनी मात्र कर्जाची फेररचना करून जगली आणि आजही युरोपात उडते आहे. शिलेदार पायउतार झाले, सरकार शाबूत राहिले.

मग अमेरिकेतील वैमानिकांची भीती खरी ठरली का? अर्धी. परदेशी स्वस्त कंपन्या आपल्या नोकऱ्या खातील हे भाकीत चुकले. उलट कोरोनानंतर तिथे वैमानिकांची टंचाई झाली आणि डेल्टाच्या वैमानिकांनी २०२३ मध्ये चार वर्षांत ३४ टक्के पगारवाढीचा करार मिळवला. पण कागदी उपकंपन्यांच्या साखळीत माणसाची जबाबदारी कोणाचीच उरत नाही, हे त्यांचे निदान अचूक होते. फक्त त्याची किंमत अमेरिकन वैमानिकांनी दिली नाही. ती नॉर्वेजियनच्या स्वतःच्या वैमानिकांनी दिली.

दुसऱ्या बाजूने हेही म्हटले पाहिजे की कंपनी जुनी आणि देशी असली म्हणजे नोकरी सुरक्षित असे नाही. आपल्या जेट एअरवेजने २५ वर्षांच्या सेवेनंतर एप्रिल २०१९ मध्ये उड्डाणे थांबवली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे महिनोन्महिने पगार थकले होते. आपल्याकडे पाच वर्षे जुनी आणि वीस विमाने असलेल्या कंपनीलाच परदेशी उडता येईल, असा नियम २००४ पासून होता. २०१६ मध्ये पाच वर्षांची अट गेली. या कुंपणाने जुन्या कंपन्यांना आडोसा दिला, पण त्यांना वाचवले नाही.

मुंबईहून अ‍ॅम्स्टरडॅम

या गोष्टीचा पुढचा धागा थेट आपल्या अंगणात येतो. नॉर्वेजियनने सोडलेली ७८७ विमाने भाड्याने घेऊन २०२१ मध्ये नॉर्स अटलांटिक ही नवी कंपनी उभी राहिली. कियोस यांचाही तिच्यात भांडवली वाटा होता. या वेळी मात्र तिने विमान उडवण्याआधीच अमेरिकेतील केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी करार केला, तळ अमेरिकेत ठेवला आणि जानेवारी २०२२ मध्ये तिला अमेरिकेची परवानगी फारशी खळखळ न होता मिळाली. पूर्वी रस्ता अडवणारी संघटनाच या वेळी बाजूने उभी होती. झेंड्याचा रंग तोच होता, बदलली होती ती कर्मचाऱ्यांची स्थिती. भांडण परदेशीपणाशी नव्हते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

लांब पल्ल्याचे गणित मात्र नॉर्सलाही अवघडच गेले. तेव्हा तिने आपली काही विमाने वैमानिकांसह इतर कंपन्यांना भाड्याने दिली. त्यांतली एक कंपनी आपली इंडिगो. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून अ‍ॅम्स्टरडॅम आणि मँचेस्टरला सेवा सुरू केली ती याच विमानांनी. तिकीट इंडिगोचे, विमान आणि वैमानिक नॉर्सचे. यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. व्यवस्था उघड आहे, नियमांत बसणारी आहे. पण तिकिटावरचे नाव आणि चालवणारे हात वेगळे असू शकतात, हे आता आपल्याही दारी आले आहे.

माझे म्हणणे एवढेच. स्वस्त विमान वाईट नव्हे. आपल्यातल्या अनेकांना मुलांचे घर पाहायला मिळाले ते त्यामुळेच, आणि जुन्या कंपन्यांची मक्तेदारी राखण्यासाठी वाट बंद करणे हा उपाय नाही. स्वस्ताई तीन ठिकाणांहून येते. काटकसरीतून आलेली हक्काची असते, तोटा सोसून दिलेली टिकत नाही, आणि जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालून आलेली कोणाला तरी फेडावी लागते. तिकिटाचा आकडा पाहून या तिघी ओळखता येत नाहीत, म्हणून कायद्याने एक अट घालणे पुरेसे ठरेल. विमानावर ज्याचे नाव रंगवले आहे, त्यानेच आत काम करणाऱ्यांच्या पगाराची, विश्रांतीची आणि कंपनी बुडाल्यास देण्याची हमी घ्यावी. मग परवाना डब्लिनचा असो की दिल्लीचा. तोवर आपल्या घरातले जे तरुण-तरुणी कर्ज काढून वैमानिक व्हायला निघाले आहेत, त्यांना एवढे जरूर सांगावे: पगाराचा आकडा पाहण्याआधी करारावर सही कोणाची आहे ते वाच.